जमादार जेवत नाही त्याबद्दल

मु. सावंगी, पो. टेंभुर्णी
रविवार, १७ डिसेंबर १९७८

चि. वसंतास,

तातेरावदादाचा सप्रेम जय भीम आणि भरपूर आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल, मेसवाल्यानं वरणात पाणी घालायचं कमी केलं असेल आणि जनावरांच्या डॉक्टरकीचं शेवटचं वर्ष तू नीट अभ्यास करून काढत असशील, असं मी धरून चालतो. इकडची खुशाली रीतीप्रमाणं कळवतो. तुझ्या सत्यशीलावहिनीची पाठ बरी आहे, पण ती तसं कबूल करत नाही. माझ्या दाढेचं दुखणं गेलं, सोबत दाढही गेली. शेजारचे कडूबाआबा आहेत तसेच आहेत (म्हणजे न विचारता सल्ला देणं चालू आहे). माझी माय, म्हणजे तुझी मोठी माय, हिंडूनफिरून आहे, पण कुणाशी धड बोलून राह्यली नाही. आणि जमादार जेवत नाही. त्याच्याबद्दलच हे पत्र आहे. तरी पहिल्यापासून सगळं सांगतो, कारण तुझ्यापर्यंत नुसती त्याच्या रक्ताची काच आली. काचेच्या अलीकडं काय काय घडलं ते तुला माहीत नाही, आणि जे मी सांगितलं होतं ते सगळंच खरं नव्हतं.

मला कुत्र्याचा नाद नाही, हे अख्खं गाव सांगेल. जमादार मायचा आहे. बहात्तरच्या दुष्काळात माय पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची, तेव्हा हे पिल्लू तिच्या भाकरीच्या गाठोड्याशेजारी येऊन बसलं. मग खडीच्या ढिगावर चढून येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवू लागलं, म्हणून बायांनी त्याचं नाव जमादार ठेवलं. दुष्काळी कामावर वाटायच्या त्या सरकारी सुकडीवर वाढला. (त्या साली आम्हीही सुकडीवरच होतो, पण अंगी लागली ती त्याच्या.) तेव्हापासून सहा वर्षं तो एकाच हातानं जेवला. माय भाकर कुस्करणार, ताक घालून बोटांनी कालवणार आणि घास त्याच्या तोंडापुढं धरणार. ताटलीत वाढलं तर जमादार आधी ताटलीकडं बघतो, मग मायकडं बघतो, आणि बसून राहतो. असले लाड माझे कधी झाले नाहीत. तरी शिक्षकाच्या दृष्टीनं तो उपयोगी प्राणी होता, हे मान्य केलं पाहिजे. शाळा आपल्या घरासमोरच. पायात बूट घातलेला माणूस रस्त्यावर दिसला की जमादार आकाशपाताळ एक करायचा, आणि आपल्या गावात बूट घालून येतात ते फक्त विस्तार अधिकारी. त्यामुळं सहा वर्षांत शाळेची एकही तपासणी मला बेसावध गाठू शकली नव्हती.

तर दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच आठवड्यात साहेब सरळ शाळेच्या ओसरीवर येऊन उभे राहिले. भुंकणं नाही की काही नाही. मी त्या वेळी चौथीला पाढे म्हणायला लावून खुंटीला आरसा टांगून दाढी करत होतो. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. त्याच अवस्थेत मी साहेबांना सगळी शाळा दाखवली. जाताना त्यांनी शेरेबुकात लिहिलं, ‘शिक्षक स्वच्छतेबाबत जागरूक आढळले.’ (हा शेरा चांगला की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.) साहेब गेल्याबरोबर मी जमादारला जाब विचारायला घरी आलो. तो अंगणात उन्हाला पडला होता. मला बघून शेपटी हलवली, पण उठला नाही. जवळ जाऊन पाहिलं तर हिरड्या पांढऱ्याफटक, नाकाशी रक्ताचा एक वाळलेला थेंब आणि जबड्याखाली दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी. साहेबांचा राग माझ्या डोक्यातून पार गेला. कुत्र्याचा नाद नाही म्हटलं तरी माणसाला डोळे असतातच.

कडूबाआबांनी पहिल्या दिवशी नजर लागली म्हणून सांगितलं, दुसऱ्या दिवशी कावीळ आणि तिसऱ्या दिवशी गालगुंड. गालगुंडावर त्यांनी स्वतःच्या हातानं हळद-चुन्याचा लेप दिला, त्यामुळं जमादार दोन दिवस नवरदेवासारखा पिवळा होऊन पडला होता. शेवटी मी त्याला टोपलीत बसवलं, टोपली सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि सायकल हातात धरून चालत टेंभुर्णीच्या दवाखान्यात गेलो. तिथं सगळे बैल आणि म्हशी. त्यांच्यात आमचा एक कुत्रा, तोही पिवळा. बैलवाले लई हसले. डॉक्टर मात्र भला माणूस. त्यांनी गाठी दाबून पाहिल्या, तोंड उघडून पाहिलं आणि एकदम गप्प झाले. वसंता, माणसाचा डॉक्टर गप्प होतो तो रोग्याला कळू नये म्हणून. जनावराचा डॉक्टर गप्प होतो तो आपल्याला कळू नये म्हणून, आणि त्याची भीती जास्त वाटते. त्यांनी कानाच्या पाळीला टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, दुसऱ्या काचेनं पसरवला आणि म्हणाले, तुमचा भाऊ परभणीला शिकतो ना, त्याच्या कॉलेजात हे सूक्ष्मदर्शकाखाली बघू द्या.

आता तुला एक कबुली देतो. काच घेऊन मी परभणीला आलो तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची तारीख बघून तू म्हणालास, दादा, चार दिवस उशीर का केला? मी म्हणालो, एस.टी. चुकली. एस.टी. चुकली नव्हती. मी पहिली काच दिवळीत ठेवली होती आणि सकाळी निघणार होतो. तुझी वहिनी कशी आहे ते तुला ठाऊक आहे. घरातल्या काचेवर डाग तिला बिलकुल खपत नाही. तिनं ती काच राखेनं घासली, दोन पाण्यानं धुतली आणि कंदिलाच्या काचेशेजारी उन्हात वाळत ठेवली. वर मला आणून दाखवली, की बघा कशी लख्ख निघाली. पुन्हा टोपली, पुन्हा टेंभुर्णी, पुन्हा कान. दुसऱ्यांदा टोचताना जमादार हूं की चूं नाही, उलट डोकं पुढं केलं त्यानं. (त्या दिवसापासून सत्यशीला त्याच्या कानाला खोबरेल लावून राह्यली आहे. माफी मागायची तिची ही पद्धत आहे. मला अजून एकदाही लावलेलं नाही.)

मग तीस नोव्हेंबरला तुझं पत्र आलं. ओसरीवर सगळे बसले, माय, सत्यशीला, आणि अर्थात कडूबाआबा. मी मोठ्यानं वाचायला लागलो. तू लिहिलं होतंस, की जमादारला रक्ताचा कॅन्सर आहे, बरा होणारा नाही, टेंभुर्णीच्या डॉक्टरांना मी गोळ्या कळवतो, त्यांनी ताप उतरेल, भूक लागेल, थोडे आठवडे बरे जातील. एवढं वाचलं आणि मायनं विचारलं, “कॅन्सर म्हंजी त्यो तंबाखूचाच ना रं?”

वसंता, दोष माझाच आहे. पंधरा वर्षं मी तंबाखू सोड म्हणून तिचं डोकं खाऊन राह्यलो. शाळेतला आरोग्याचा तक्ता घरी आणून तिला छडीनं दाखवला होता. आपल्या घरात कॅन्सर हा शब्द तंबाखूशिवाय एकट्यानं कधी कुणी ऐकलेलाच नाही. तिनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. चाळीस वर्षं चुना-तंबाखू मळून तिची बोटं तपकिरी झालेली. “म्या ह्याच बोटानं त्याला घास भरवला,” ती म्हणाली. त्या वेळी माझ्या डोळ्यापुढं तुझी पुढची ओळ होती. तू स्वच्छ अक्षरात लिहिलं होतंस, की हा रोग कशानं होतो ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही, कुणाच्या हातानं, खाण्यापिण्यानं तो होत नाही, घरच्यांनी मनाला लावून घेऊ नये. मी ती ओळ वाचली नाही. ‘बाकी सर्व क्षेम’ असं म्हणून पत्राची घडी घातली. माय उठली, कमरेची चंची सोडली आणि सगळी तंबाखू चुलीत टाकली. पंधरा वर्षांच्या व्याख्यानांनी जे झालं नाही ते एका ओळीच्या चोरीनं झालं. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला आनंद झाला होता. मी एक भाकर जास्त खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ती विचारायला लागली, की रक्तात नेमकं होतं तरी काय? मी तुझ्या पत्रावरून तिला तिच्या भाषेत सांगितलं. म्हटलं, माय, हाडाच्या आत रक्त तयार होतं, ते तलावाचं काम समज. तिथं काही मजूर ताकद वाहून नेतात, काही जखम बुजवतात आणि पांढरे असतात ते राखण करतात. आता या रोगात काय होतं, की कच्च्या, बिनकामाच्या पांढऱ्यांची हजारो नावं हजेरीवर चढतात. ते खडी फोडत नाहीत, राखण करत नाहीत, नुसती जागा अडवतात आणि सुकडी खातात. खऱ्या मजुरांना कामावर उभं राहायला जागाच उरत नाही. मायनं तलावावर असली हजेरी डोळ्यानं पाहिलेली. तिला चौथीच्या पोरांपेक्षा लवकर कळलं. तीच मला सांगू लागली, की मंग ताकद वाहणारे कमी पडले म्हणून हिरड्या पांढऱ्या, बुजवणारे कमी पडले म्हणून नाकातून रक्त, अन् राखणीला खरं कुणीच न्हाई म्हणून ताप. मी म्हटलं, बराबर. मग ती म्हणाली, “पर ही खोटी नावं लिहिणारा मुकादम कोण?” ‘ते अजून कुणालाच ठाऊक नाही’ असं मी तेव्हा म्हणायला पाहिजे होतं. तुम्ही एवढे शिकलेले लोक काचेतून बघून बघून तेवढंच तर सांगता. मी म्हणालो नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि स्वतःच म्हणाली, “म्याच.”

त्या दिवसापासून ती जमादारला हात लावत नाही. भाकर कुस्करते ती सत्यशीला. माय म्हणते, माझ्या हातात इख हाये. आणि जमादार दुसऱ्या कुणाच्या हातचं घेत नाही. पाणी पितो, कधी थोडं ताक चाटतो, बस. गोळी भाकरीतून द्यायची आहे, भाकरच जात नाही तर गोळी कुठून जाणार? दिवसभर अंगणात एकच चाललेलं असतं. तो ओढत ओढत तिच्याजवळ जाऊन बसतो, ती उठून पलीकडं जाते. तो परत उठतो. आता आता त्याला उठायलाही वेळ लागतो, तरी उठतो. तंबाखू सुटल्यामुळं माय चिडचिडी झाली म्हणून आम्ही आधी दुर्लक्ष केलं. ती चिडचिड नव्हती.

आम्ही उपाय केले नाहीत असं समजू नको. आधी सत्यशीलानं मायचं लुगडं नेसून घास धरला. जमादारनं वास घेतला, तिच्याकडं दयेनं पाहिलं आणि मान फिरवली. मला वाटलं, लुगडं बरोबर आहे पण खोकला नाही. मायचा खोकला घरात मलाच जमतो. म्हणून बुधवारी भर दुपारी मी तेच लुगडं अंगाभोवती गुंडाळून, डोक्यावरून पदर घेऊन गोठ्यात बसलो आणि खोकत खोकत घास पुढं केला. नेमके कडूबाआबा विळा मागायला आले. त्यांनी मला मायच समजून दहा मिनिटं माझ्याच तक्रारी सांगितल्या, की तुझा तातेराव हल्ली लई शहाणपणा करून राह्यला. मी पदराआडून खोकत राहिलो, दुसरं करणार काय? जमादार मात्र एक क्षणही फसला नाही. त्यानं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, घासाकडं पाहिलंसुद्धा नाही. मला कुत्र्याचा नाद नाही, वसंता, पण त्या वेळी त्या लुगड्यात बसून मला रडू आलं. कडूबाआबांना वाटलं, त्यांच्या बोलण्याचा परिणाम झाला.

आता माझी अडचण तुझ्या लक्षात आली असेल. तिला खरं सांगावं तर ती पुन्हा तंबाखू धरणार, आणि तंबाखूनं माणसाला काय होतं ते मी खोटं सांगितलेलं नाही. तिचा गाल आतून पांढरा पडला आहे, मी पाहिला आहे. न सांगावं तर जमादार चार दिवसांचे दोन दिवस करून उपाशी जाणार, आणि ती जन्मभर स्वतःला त्याची मारेकरीण समजणार. शाळेत मी पोरांना रोज खरं बोलायला शिकवतो. पण कोणतं खरं कधी बोलायचं, हे कुठल्या इयत्तेत शिकवतात ते मला माहीत नाही. मला एवढंच कळतं, की रोग आला की माणूस कारण शोधतो, आणि कारण सापडलं नाही की जवळच्यात जवळ जो असतो त्याच्यावर टाकतो. माय स्वतःच्या सगळ्यात जवळ होती. आणि ते तिच्या हातात मी ठेवून दिलं.

असो. अभ्यास नीट कर, कानटोपी घालत जा, दुधात पाणी आहे की पाण्यात दूध ते मेसवाल्याला एकदा विचारून घे. तुझ्या खोलीतल्या मित्रांना जय भीम सांग. इकडून सर्वांचे तुला आशीर्वाद.

तुझा,
तातेरावदादा

ता. क. १: खरं काम लिहायचं राहिलं. तू मायच्या नावानं वेगळं पत्र पाठव. कॉलेजच्या छापील कागदावर, आणि जमलं तर खाली एखादा गोल शिक्का मार, कुठलाही चालेल. त्यात लिही, की कुत्र्याचा हा रोग कुणाच्याही हातानं होत नाही. माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास बसेल असं वाटत नाही, आणि मी तिच्याजागी असतो तर माझाही बसला नसता. शिक्क्यावर ती विश्वास ठेवते.

ता. क. २: त्याच पत्रात खाली बारीक अक्षरात लिही, की तरीसुद्धा तंबाखू माणसाला वाईटच. म्हणजे दोन्ही कामं होतील.

ता. क. ३: वरचे दोन्ही ता. क. रद्द समज. कारण सांगतो. मी पाकिटावर तिकीट लावून ठेवलं होतं. आपल्या घरातून जाणारं पत्र माय ऐकल्याशिवाय पोस्टात जात नाही, हे घाईत माझ्या ध्यानातून गेलं. ती येऊन बसली. मी खुशालीचं वाचलं, तपासणीचं वाचलं, काच धुतल्याचं वाचलं (सत्यशीला उठून आत गेली), आणि तिथून थेट कानटोपीवर आलो. माय म्हणाली, “पानं येवढी लिहिली, अन् वाचलंस दीडच?” मी म्हटलं, बाकी शाळेचं आहे. ती म्हणाली, “शाळेचं वसंताला कामून? वाच.” मग वाचलं. सगळं वाचलं, घडी घातलेल्या ओळीचं, भाकर जास्त खाल्ल्याचं, लुगड्याचंही. लुगड्याला ती हसेल असं मला वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, “म्हंजी कुणाच्याच हातानं न्हाई?” मी म्हटलं, कुणाच्याच नाही. ती म्हणाली, “सतरा दिस त्यो माझ्याकडं बघून राह्यला व्हता, तातेराव.” शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तिनं हात धुतले. भाकर कुस्करली, ताक घातलं, पहिल्याच घासात गोळी लपवली. जमादार उठला नाही, तीच त्याच्याजवळ जाऊन खाली बसली. त्यानं आधी तिचा हात चाटला, पुढून, मागून, एकेक बोट. मग खाल्लं. मी मूर्खासारखं विचारलं, माय, आता तंबाखू आणू का? ती म्हणाली, “त्यो हाये तवर न्हाई. त्याच्या तोंडापुढं वासाचा हात नको. मंग बघू.” तेव्हा वसंता, मला कुत्र्याचा नाद नसला तरी हा कुत्रा आता होईल तितके दिवस जगला पाहिजे. नाताळच्या सुट्टीत येशील तेव्हा गोळ्या जास्तीच्या घेऊन ये, आणि शिक्का आणू नको.

तुला काय निरोप लिहू म्हणून मी मायला विचारलं. तिनं एकच ओळ सांगितली. म्हटलं, बस, एवढंच? तर म्हणाली, एवढंच तर लिहायचं व्हतं, मंग येवढी पानं कशापायी खराब केली? तिकीट आधीच लावलेलं आहे म्हणून ती पानंही सोबत पाठवतो. ओळ ही: जमादार आज माझ्या हातानं चार घास जेवला.